‘विचारणा करू नये’ असं लिहिलंत, म्हणून हे पत्र

मा. मुख्याध्यापिका बाई आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य यांस,

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात शाळेच्या फाटकाजवळच्या फळ्यावर दहावीच्या पालकांसाठी एक सूचना लागली. ‘विज्ञान विषयातील उत्क्रांती हा भाग वर्गात घेतला जाणार नाही. त्यावर आधारित प्रकल्पही स्वीकारले जाणार नाहीत. कृपया यासंदर्भात विचारणा करू नये.’ मी पुण्यातच वाढले, त्यामुळे पाट्यांचं मला वावडं नाही. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, फाटकासमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल, हे सगळं हसत वाचत आले. ही पाटी मात्र हसण्यावारी नेता आली नाही. भेटीची वेळ दोनदा मागितली, मिळाली नाही. पालकसभेत विषय काढला तेव्हा नेमकी सभेची वेळ संपली. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. शाळेचं नाव मुद्दाम घेत नाही. माझी मुलगी अजून तिथेच शिकते, आणि पाटी न लावता हा भाग गुपचूप गाळणाऱ्यांनाही हे पत्र लागू पडतंच.

आधी मी कोण ते सांगते. शहरातल्या एका रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये मी एकवीस वर्षं टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, प्राध्यापक तर नाहीच. लोकांची लघवी, थुंकी, रक्त, जखमेतला पू यांतून जंतू वाढवायचे आणि कोणतं औषध त्यांना मारतं ते बघायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. तुम्ही फळ्यावर जे ‘घेतलं जाणार नाही’ म्हणून लिहिलंत ते मी रोज सकाळी साडेआठला इन्क्युबेटर उघडून बघते.

कसं, ते जरा सविस्तर सांगू द्या.

काचेच्या किंवा प्लास्टिकच्या चपट्या बशीत अगारचा, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीचा, थर असतो, साधारण आपल्या खरवसासारखा दिसणारा. त्यावर रुग्णाचे जंतू कापसाच्या बोळ्याने सगळीकडे सारखे पसरायचे आणि वर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या छोट्या कागदी चकत्या ठेवायच्या. बशी रात्रभर इन्क्युबेटरमध्ये सदतीस अंशांवर राहते. सकाळी जंतूंची दुधाळ साय धरलेली असते. ज्या चकतीचं औषध लागू पडतं तिच्याभोवती स्वच्छ गोल उमटतो. त्याला आम्ही झोन म्हणतो. तो पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजायचा, तक्त्याशी ताडायचा आणि रिपोर्टवर ‘एस’ किंवा ‘आर’ लिहायचं. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे जंतू दाद देणार नाही.

कधीकधी त्या स्वच्छ गोलाच्या आत दोन-चार ठिपके दिसतात. आजूबाजूचे कोट्यवधी मेले आणि हे औषधाच्या अगदी दारात बसून वाढले. नवीन आलेल्या मुलींना मी विचारते, हे कसे जगले गं? दहातल्या नऊ जणी सांगतात, ‘मॅडम, त्यांना औषधाची सवय झाली.’

सवय वगैरे काही झालेली नसते. ई. कोलाय हा आतड्यातला साधा जंतू. परिस्थिती अनुकूल असली तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. दर वेळी त्याला आपल्या जनुकांची सुमारे ४६ लाख अक्षरं नव्याने उतरवून काढावी लागतात. जुन्या काळी पोथ्या नकलून घेत तेव्हा लेखनिकाच्या हातून काना-मात्रा चुकायची, तसं इथेही होतं. बहुतेक चुकांनी काही बिघडत नाही, काहींनी जंतू मरतो. आणि एखादी चूक अशी असते की औषध ज्या कुलपाला किल्ली म्हणून बसायचं त्या कुलपाचा आकारच जरासा बदलतो. ही चूक औषध येण्याच्या आधीच झालेली असते. तोवर तिचा काही फायदा नसतो, कधी थोडा तोटाच असतो. मग औषध येतं, बाकीचे मरतात, मोकळी झालेली जागा आणि अन्न या एकट्याला मिळतं, आणि त्याची सगळी पोरं तीच चूक वारशाने घेऊन जन्मतात. एवढीच नैसर्गिक निवड, आणि उत्क्रांती घडते ती मुख्यतः तिच्यामुळे. निवडणारं कोणी नसतं, तरी निवड होते.

फरक आधी पडतो आणि निवड नंतर होते, हे १९४३ साली लुरिया आणि डेलब्रुक या दोन शास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवलं. पुढे १९६९ मध्ये हर्षी यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. वेगवेगळ्या नळ्यांत त्यांनी जीवाणू वाढवले, मग त्यांच्यावर विषाणू सोडला आणि प्रत्येक नळीतले किती तगले ते मोजलं. संकट आल्यावर जीवाणू ‘शिकत’ असते तर सगळ्या नळ्यांत साधारण सारखेच तगले असते. प्रत्यक्षात बऱ्याच नळ्यांत एकही नाही आणि एखाद्या नळीत शेकड्यांनी. म्हणजे त्या नळीत चूक लवकर झाली होती आणि संकट यायच्या आधीच तिची वंशावळ वाढून बसली होती. माझ्या मते दहावीच्या मुलांना हा प्रयोग खडू-फळ्यावर एका तासात कळतो. माझ्या मुलीला तो स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता कळला.

आता यात माझं काय गेलं ते. चार वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांना लघवीचा जंतुसंसर्ग झाला. सर्दी झाली, कसकस वाटली, की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ‘तीच मागची गोळी’ आणायची, दोन दिवस घ्यायची आणि उरलेली पट्टी डब्यात ठेवायची, ही त्यांची जन्माची सवय. सर्दी विषाणूची, तिला अँटिबायोटिकने काहीही होत नाही. पण आतड्यात राहणाऱ्या निरुपद्रवी जंतूंवर प्रत्येक वेळी निवडीची एक फेरी होऊन जाते. त्यांचा कल्चर रिपोर्ट मीच लिहिला. बारा चकत्यांपैकी दहांपुढे ‘आर’. दोन इंजेक्शनं उरली होती, त्यांतल्या एकावर ते घरी आले, पण मूत्रपिंड अधू झालं ते झालंच. सासरे पदवीधर होते, बँकेतून निवृत्त झालेले. उत्क्रांती म्हणजे माकडाचा माणूस झाला असं काहीतरी, एवढंच त्यांना माहीत होतं. त्या डब्यातल्या पट्टीशी तिचा संबंध आहे हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

शाळेबद्दलच्या माझ्या तक्रारी अशा.

पहिली सूचनेबद्दल. आपल्या शाळेत ज्यांची पुस्तकं चालतात त्या एनसीईआरटी या केंद्राच्या संस्थेने २०२२-२३ पासून दहावीच्या विज्ञानातला ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ हा धडा नुसता ‘आनुवंशिकता’ एवढाच ठेवला, हे खरं. करोनाच्या काळात मुलांवरचा भार हलका करायचा म्हणून, असं सांगण्यात आलं. २०२३ मध्ये देशभरातल्या १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी खुलं पत्र काढून त्याला विरोध केला, हेही तितकंच खरं. पण पुस्तकातून धडा गेला म्हणजे शिकवायला बंदी आली, हे तुम्ही कुठून काढलंत? सूर्यनमस्कार विज्ञानाच्या पुस्तकात नाहीत, तरी शाळेत होतात. व्हायलाच हवेत. सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीचं कार्यालय आहे. तिथून निघणाऱ्या राज्य मंडळाच्या दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’मधला पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. म्हणजे आमच्याच सोसायटीतली, राज्य मंडळाच्या शाळेत जाणारी मुलगी बदकचोच्या प्लॅटिपसबद्दल वाचते आणि तिच्यासोबत रोज खाली बॅडमिंटन खेळणारी माझी मुलगी वाचत नाही. फी मात्र मी तिच्या आईच्या सहापट भरते.

दुसरी तक्रार प्रदर्शनाची, आणि ती मला जास्त लागली. मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी मंडईतून कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली आणली होती. या चारही भाज्या वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या. युरोपच्या समुद्रकाठी उगवणारं मोहरीच्या कुळातलं एक रानटी झुडूप, त्याची पानं, खोड, कळ्या यांतलं जे ज्याला आवडलं त्याचं बी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राखत गेली. कुणी पानांचा गड्डा वाढवला, कुणी खोडाची गाठ, कुणी फुलांचा गुच्छ. माणसाच्या हातची ही निवड एकदा बघितली की निसर्गातली निवड समजायला फार वेळ लागत नाही. खुद्द डार्विनने १८५९च्या आपल्या ग्रंथाची सुरुवात पाळीव जातींपासूनच केली आणि त्यात कबुतरांवर पानंच्या पानं लिहिली. जुन्या पेठांतल्या गच्च्यांवर कबुतरं पाळणाऱ्यांना कोणती जोडी लावायची हे जे कळतं, तेच तो विचारत फिरला होता. तर मुलीने मोठ्या अक्षरात फलक केला: ‘चार भाज्या, एक आजी’. शाळेने तो परत पाठवला. शब्द बदला, विषय वादग्रस्त आहे. शेवटी त्याच चार भाज्या ‘भाज्यांचे पोषणमूल्य’ या नावाखाली मांडल्या गेल्या आणि तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. प्रशस्तिपत्रक तिने कपाटात उलटं ठेवलंय. फ्लॉवरमध्ये वादग्रस्त काय असतं हे घरी कुणालाच सांगता आलं नाही. अळी सोडली तर.

तिसरी तक्रार विज्ञानाच्या बाईंबद्दल आहे, म्हणजे बाईंच्या बाजूने आहे. विज्ञानाच्या तासाला एका मुलाने विचारलं की करोनाचे नवे नवे प्रकार कसे येत होते. बाईंनी दहा मिनिटं उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांना कार्यालयात बोलावून समज देण्यात आली असं मुलं सांगतात. चुकीचं असेल तर मला खोडून काढा, मला आनंदच होईल. खरं असेल तर बघा, हे कुठल्या गावात घडलं. पाषाणला राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेची प्रयोगशाळा आहे. देशातला करोनाचा विषाणू २०२० मध्ये याच पुण्यातल्या संस्थेने वेगळा काढला. २०२० अखेरीस महाराष्ट्रातल्या नमुन्यांत सापडलेल्या प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२१ मध्ये ‘डेल्टा’ नाव दिलं. त्या एप्रिल-मेमध्ये या शहरातल्या ज्या ज्या घरात ऑक्सिजनसाठी फोन फिरत होते, त्या घरांनी नैसर्गिक निवड अनुभवलेली आहे. जो प्रकार जास्त वेगाने पसरतो तो उरतो. मुलाने विचारलेला प्रश्न त्याच्या घरातला होता.

आता सभेत समितीच्या एका सदस्यांनी जे तीन मुद्दे मांडले, त्यांना तिथे उत्तर देता आलं नाही, ते इथे देते.

‘हा फक्त एक सिद्धान्त आहे.’ जंतूंमुळे रोग होतात हाही सिद्धान्तच आहे, साहेब. तुमच्या पाण्याच्या टाकीजवळ ‘जेवणापूर्वी साबणाने हात धुवा’ असा फलक आहे तो त्याच सिद्धान्ताच्या जोरावर. विज्ञानात सिद्धान्त ही पुराव्यांनी मिळवलेली बढती असते.

‘बारावीला आहेच की.’ आहे, जीवशास्त्र घेणाऱ्यांना. दहावीनंतर कॉमर्सला, आर्ट्‌सला, डिप्लोमाला जाणारी, जीवशास्त्र सोडून इंजिनिअरिंगच्या मागे लागणारी मुलं ती वाट कधीच चालत नाहीत. आणि उद्या मेडिकलच्या काउंटरपुढे उभी राहणारी, मुलाला ताप आल्यावर डॉक्टरकडे अँटिबायोटिकचा हट्ट धरणारी, कापसावर कुठलं औषध मारायचं हे ठरवणारी हीच सगळी मंडळी असणार आहेत. बीटी कपाशीचं घ्या. बोंडअळीसाठी विष बियाण्यातच घातलं, आणि काही वर्षांत गुलाबी बोंडअळी त्याला पुरून उरली. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात काय झालं ते शेतकऱ्यांना विचारा. कपाशीच्या कडेने साध्या, बिनविषारी वाणाच्या ओळी लावा असं सांगितलं जायचं, ते यासाठीच की विषाला न जुमानणाऱ्या अळीला जोडीदार म्हणून साधीच अळी भेटावी आणि तो गुण पातळ व्हावा. कारण न सांगता सल्ला दिला की माणूस त्या ओळींचं बी बांधावर फेकून देतो. तसंच झालं.

तिसरा मुद्दा दशावतारांचा. ‘मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह... आपल्याकडे हे आधीपासूनच आहे.’ माझ्या माहेरी देवघरात दशावतारांची तसबीर आहे, आजीने ती रोज पुसली. म्हणून हे जरा जपून लिहिते. क्रम ओळखीचा वाटतो खरा. पण अवतार हेतू धरून येतो, कुणाला तरी वाचवायला. निवडीला हेतू नसतो आणि ती कुणाला वाचवायला येत नाही. शिवाय अवतारांत एक पायरी संपून पुढची सुरू होते. निसर्गात मासे संपले नाहीत, कासवंही आहेत, आणि ती आपापल्या जागी आपल्याइतकीच उत्क्रांत आहेत. शिडी नाही, फांद्या आहेत. दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या की दोन्हींचा अपमान होतो असं मला वाटतं. आजीला तरी आवडलं नसतं.

आणखी एक गैरसमज, जो दोन्ही बाजूंना असतो. ‘बळी तो कान पिळी’ म्हणजे नैसर्गिक निवड, हा. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या. १९७७ मध्ये मोठा दुष्काळ पडला. बारीक बिया संपल्या, उरली ती टणक काटेरी फळं. ती फळं सराट्याची होती, म्हणजे आपल्या टेकडीवर चपलेत घुसतो त्या सराट्याच्या सख्ख्या भावंडाची. ती फोडायला जाड चोच लागते. जाड चोचीचे जास्त जगले आणि पुढच्या पिढीची चोच सरासरीने जाड झाली. पुढे १९८३ला धो धो पाऊस पडला, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि पारडं लहान चोचीकडे झुकलं. बळी कोण, हे त्या वर्षीच्या पावसाने ठरवलं. आपल्याकडे नंदुरबार, गडचिरोलीत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार दिसतो. त्याचं जनुक आई-बाप दोघांकडून आलं तर हाल होतात, एकाकडूनच आलं तर गंभीर मलेरियापासून संरक्षण मिळतं. म्हणून मलेरियाच्या मुलखात ते टिकून राहिलं. यात कोण कोणाचा कान पिळतंय?

शाळेची सहल दरवर्षी कासला जाते, फी भरून. तिथे मुलं दवबिंदू आणि सीतेची आसवं या किडे खाणाऱ्या झाडांचे फोटो काढतात. झाडाने किडे का खावेत, हा प्रश्न त्या कातळावर उभं राहिल्यावर कुणालाही पडावा. सड्यावरच्या पातळ मातीत नायट्रोजन फारसा नसतो, तो किड्यांच्या अंगातून मिळवणारी झाडं तिथे टिकली. हे तिथे सांगायचं नसेल तर सहल सारसबागेत काढा, खर्च वाचेल.

माझ्या मागण्या चार आहेत. फळ्यावरची सूचना काढावी आणि ‘विचारणा करू नये’ हे शब्द या शाळेच्या कुठल्याच सूचनेत पुन्हा येऊ नयेत. दहावीला पूर्वपरीक्षेच्या आधी उत्क्रांतीसाठी चार तास द्यावेत. परीक्षेत नसले तरी चालेल, किंबहुना नसलेलेच बरे, मुलं मोकळेपणी ऐकतील. बालभारतीचं पुस्तक ग्रंथालयात ठेवावं. विज्ञानाच्या बाईंना दिलेली समज, दिली असेल तर, लेखी मागे घ्यावी. माझ्या मुलीच्या फलकासाठी मी काही मागत नाही, ती म्हणते पुढच्या वर्षी कॉलेजात लावीन.

चार तास घ्यायला कुणी नसेल तर मी येते, मानधन नको. शनिवारी माझी सुटी असते. प्लेटा, म्हणजे त्या जंतूंच्या बशा, आणता येणार नाहीत, जिवंत जंतू लॅबबाहेर काढायला बंदी आहे, त्या आधी वाफेने जंतू मारणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये आणि मग जैविक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातात. पण एकवीस वर्षांतले फोटो माझ्याकडे आहेत. सुरुवातीच्या वर्षांतल्या ई. कोलायच्या प्लेटवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन या अँटिबायोटिकच्या चकतीभोवतीचा गोल आठ आण्याच्या जुन्या नाण्याएवढा असायचा. आता बऱ्याचदा जंतूंची साय थेट चकतीला जाऊन टेकलेली असते. हे फोटो वर्षांच्या क्रमाने एकामागोमाग लावायचे आणि मुलांनाच विचारायचं, मधल्या काळात काय झालं असेल. प्रोजेक्टर चालू नसेल तर छापून आणते.

उत्तराची वाट पाहते. या वेळी मात्र लेखी द्यावं, फळ्यावर नको.

आपली,
दहावी ‘ब’मधल्या एका मुलीची आई,
पुणे